न पेटवलेल्या काड्या

थंडर बे, ८ जानेवारी १९८७

प्रिय सायमी,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. संत्र्यांचं चित्र छान आहे. आत नुसती सही होती, तीही छान आहे. आम्ही बरे आहोत. बाहेर उणे अठ्ठावीस, काठाकाठाने सरोवर गोठलंय, आणि मागच्या दारातला बर्फ रोज सकाळी मी एकटी उपसते, कारण आर्वोची पाठ धरली आहे. तिकडे फ्लोरिडात तू अनवाणी फिरत असशील. फिर. घरातल्या एकीला तरी फिरता येतंय.

जूनमध्ये कॅम्पवर, सरोवराकाठच्या त्या उन्हाळी घरात, जे झालं ते मी काढत नाही. तूही काढू नकोस.

पत्र लिहायला कारण वेगळं आहे. घर तापतंय. हसू नकोस. जानेवारीत घर तापतंय अशी तक्रार करणारी या गावात मी पहिलीच असेन. पण ऐक. हॉलमधल्या त्या गोल थर्मोस्टॅटचा काटा वीसवर आहे. वीस म्हणजे आम्हा दोघांना अंगात एक स्वेटर घालून सुखाने बसता येतं. काटा जागचा हलत नाही, मी येताजाता बघते. खोली मात्र चोवीस गाठते, कधी पंचवीस. आर्वो बनियनवर बसतो, माझ्या चष्म्यावर वाफ धरते. मग खाली तळघरात बॉयलर थांबतो तो थांबतोच, आणि रेडिएटर इतके गार पडतात की संध्याकाळी मी शाल गुंडाळून बटाटे सोलते. पुन्हा पेटला की पुन्हा भट्टी.

यात आईच्या विलीचे, त्या तार सुटणाऱ्या दह्याचे, हाल होताहेत. परवा रात्री टेबलावर चार वाट्या लावल्या होत्या. सकाळी वर पिवळं पाणी, खाली चोथा, आणि आंबट इतकं की तोंड वाकडं व्हावं. चमच्याला तार म्हणून नाही. आईने रुमालावर वाळवून मायदेशाहून बोटीतून आणलेलं विरजण साठ वर्षं या घरात जगलं, आणि आता माझ्या हातून मरतंय की काय, असं झालंय मला.

हे आपोआप होत नाही. कुणीतरी करतंय.

वरच्या मजल्यावर ऑक्टोबरपासून एक मुलगी ठेवली आहे, हे तुला ठाऊक नसेल. कॉरिन नाव. सस्कॅचेवानची, हॉस्पिटलच्या धुलाईत कामाला, सोबत सात महिन्यांची पोर. नवऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, “तो तिकडेच आहे.” कुठे ते नाही. बोलते कमी, बघते फार. जिन्यातून उतरताना थर्मोस्टॅटपाशी क्षणभर थबकते, हे मी दोनदा पाहिलं. तान्ह्या पोरीची आई, तिला ऊब हवी असणार, पण मग सरळ मागावी ना. माझ्या भिंतीत हात कशाला घालायचा?

आणि पुरावा आहे. थर्मोस्टॅटच्या खाली फरशीवर मला काडेपेटीच्या काड्या सापडल्या. एक सोमवारी, एक काल. म्हणजे बाईसाहेब माझ्या हॉलमध्ये सिगारेट ओढतात. तोंडाला वास येत नाही, पण हल्ली त्यावर गोळ्या मिळतात.

आर्वोला म्हटलं, “उभ्या शहराचे बॉयलर सुधारलेस, आता आपलाही बघ की जरा.”

“बघतो,” म्हणाला, आणि रेडिओ लावला.

तुला आठवतं ना, कुठल्याही लग्नात कॉफी आणि पुल्लाचा गोड पाव आला की हा सुरू व्हायचा? “घर वीसवर आलं की आग थांबवतो तो नवशिका. आग विझली तरी रेडिएटरचं लोखंड तापलेलंच असतं, ते खोलीला आणखी वर ढकलत बसतं. म्हणून थोडं आधीच थांबायचं. उरलेलं काम लोखंड करतं.” मग खिशातून पेन काढून कागदी रुमालावर चित्र. थर्मोस्टॅटच्या आत एक बारीक तार असते, ती हळूच तापते आणि थर्मोस्टॅटला फसवते की खोली झाली बरं का गरम. बॉयलर वेळेआधी विझतो. किती आधी, ते एका इवल्याशा सुईवर. ती एका बाजूला सरकवली की आग लवकर थांबते, दुसऱ्या बाजूला सरकवली की उशिरा. तुझा वेइको म्हणायचा, “आर्वो, आम्हाला पुल्ला खाऊ दे, सुई नंतर.”

ते झाकण काढून ती सुई कुणीतरी हलवतंय, असा माझा वहीम आहे. मी छडा लावणार.

पुल्ला केला होता, वेलदोडा नेहमीपेक्षा जास्त पडला. तू असतीस तर नावं ठेवून चार तुकडे खाल्ले असतेस.

तुझी बहीण,
हेल्वी


थंडर बे, १७ जानेवारी

प्रिय सायमी,

तुझं उत्तर नाही. टपाल हळू असेल, असं मी धरून चालते.

मी सापळा लावला. माझाच एक पांढरा केस घेतला, अंड्याच्या पांढऱ्याने थर्मोस्टॅटच्या झाकणापासून भिंतीपर्यंत चिकटवला. कुणाला दिसणार नाही असा. दुसऱ्या दिवशी बर्फ उपसून आत आले, बूटसुद्धा न काढता बघितलं. केस तुटलेला. खाली एक काडी.

घरात माणसं तीन आणि एक पोर. पोर अजून उभी राहत नाही. मी बाहेर होते. राहिलं कोण?

संध्याकाळी कॉरिन कामावरून आली तशी तिला जिन्यातच गाठलं. पोर शेजारणीकडून आणून कडेवर घेतलेली, नाक लाल, टोपीवर बर्फ.

“तू थर्मोस्टॅट उघडतेस?” मी विचारलं.

“नाही, मिसेस रिंताला.”

“मग घर एवढं तापतं कसं?”

“ते मलाही कळत नाही. वर तर तुमच्यापेक्षा जास्त तापतं. मी खिडकी उघडी टाकते.”

“खिडकी उघडी! आणि गॅस कुणाचा जळतोय?”

तिने पोरीच्या गळ्यातला मफलर सोडवून मान दाखवली. लाल पुरळ. “हे बघा. घामोळं. जानेवारीत घामोळं आलंय हिला. डॉक्टर हसले मला. मी कशाला वाढवेन उष्णता?”

“सिगारेट तरी ओढतेस ना?”

“जन्मात नाही ओढली.”

“मग काड्या कुणाच्या?”

यावर ती माझ्या तोंडाकडे असं बघत राहिली, जसं डॉक्टर वाईट बातमी सांगण्याआधी बघतात. मला ते बघणं मुळीच आवडलं नाही. निरपराध माणूस तावातावाने भांडतो. ही भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तुम्ही मिस्टर रिंतालांना विचारलंत का?”

सायमी, माझ्या घरात राहून माझ्या नवऱ्याचं नाव घेते! ज्याने या शहरातल्या निम्म्या घरांच्या सुया जागेवर बसवल्या त्याचं! मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, महिनाअखेर खोली रिकामी कर. ती म्हणाली, “बाहेर उणे तीस आहे.” मी म्हटलं, “ते मला माहीत आहे, मी रोज उपसते.” पोर रडायला लागली. मी स्वयंपाकघरात आले आणि उगाच भांडी घासली, जी घासलेलीच होती.

तू म्हणशील कठोर आहेस. असेन. माझं घर आहे.

आर्वो बरा आहे. पाठही बरी आहे म्हणतो. गुरुवारीच तळघरातला सॉना, ती वाफेची खोली, तापवून बसला होता, टॉवेल-बिवेल घेऊन. मी म्हटलं, “अरे, सॉनाचा शनिवार परवा आहे.” म्हणाला, “माहीत आहे, मला आज बसायचंय.” बसू दे. उभा जन्म कष्ट केले, आता एक सॉना जास्त बसला तर कुणाचं काय जातं? आज शनिवार, पुन्हा तापवला.

आणखी एक. राल्फचा कॅल्गरीहून फोन होता. नेहमी स्वतःच्या नोकरीचं पुराण लावतो, या खेपेला विचारतो, “बाबा कसे आहेत? तसे बरे आहेत ना? म्हणजे, एकंदरीत?” हे ‘एकंदरीत’ त्याचं नाही. त्याच्या तोंडात ते कुणी घातलं? सायमी, मी सरळ विचारते, तू त्याला फोन केलास का? कॅम्पवर बोललीस ते माझ्या तोंडावर बोललीस, ते एक. पण माझ्या मुलाच्या कानाला लागायचं, हे दुसरं. केला असशील तर कबूल कर. नसशील केला तर तसं लिही, मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करीन.

विली मेली. शेवटच्या वाटीलाही बुरशी आली. वाटी धुताना मला आईच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. भिंतीवरच्या फोटोतल्या.

काड्यांचं एक राहिलं. मी त्या फेकल्या नाहीत, ओट्यावरच्या बशीत ठेवल्या आहेत. एकीचंही गूल जळलेलं नाही. पेटवलेल्याच नाहीत त्या. आता पेटवायची नाही तर माणूस काडी काढेल कशाला, हे मी तुला विचारणार होते. पण राहू दे.

हेल्वी


थंडर बे, ३० जानेवारी

प्रिय सायमी,

हे पत्र पूर्ण वाच. मधेच रागावून ठेवून देऊ नकोस.

गेल्या शनिवारी सकाळी नवा बर्फ पडला नव्हता. उपसायला काही नव्हतं म्हणून मी बटाटे आणायला तळघरात गेले. टोपली घेऊन वर येते तर हॉलमध्ये आर्वो. थर्मोस्टॅटचं झाकण काढून काखेत धरलेलं, हातात काडेपेटी. जिभेचं टोक दातांत. कामाला उभा राहिला की असाच उभा राहतो, तू पाहिला आहेस. त्याने एक काडी काढली, गुलाकडून बोटात धरली, आणि लाकडी टोकाने ती सुई सरकवली. इतकीशी. केसाएवढी. हात अजून दगडासारखा स्थिर आहे गं त्याचा.

आणि उलट्या बाजूला सरकवली. उशिरा थांबायच्या बाजूला.

मला चाहूल लागू द्यायची नव्हती, पण टोपलीतून बटाटा पडला. तो वळला. घाबरला नाही, लपवलं नाही, उलट खूश झाला.

“हेल्वी, बघ ना, घराची भट्टी केलीय. सुई चुकीची लावलीय. कुठल्या गाढवाने बसवलंय हे?”

त्यानेच बसवलंय. दोन वर्षांपूर्वी, माझ्या वाढदिवसाला. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याच्या पेन्सिलीने माझं नाव आहे.

मी म्हटलं, “असेल कुणीतरी.”

“मी नीट केलंय. आता बघ कसं जमतं ते.” काडी खाली टाकली, झाकण लावलं, काडेपेटी खिशात घातली आणि कॉफी मागितली. उद्या सकाळी पुन्हा घर तापलेलं असणार, याला आजचं आठवणार नाही, आणि हा पुन्हा केसाएवढी सरकवणार. असं दिवसामागून दिवस करत ती सुई त्याने पार टोकाला नेऊन ठेवली होती.

वर बघितलं तर जिन्यात कॉरिन. हातात कपड्यांचं खोकं. तिची बांधाबांध चालली होती.

आर्वो आत गेल्यावर मी तिला विचारलं, “तू हे आधी पाहिलं होतंस?”

“रोज बघते. तुम्ही बाहेर बर्फ उपसत असता तेव्हा. मला म्हणतात, गुड मॉर्निंग, तुम्ही नव्या का?”

“मग मला सांगितलं का नाहीस? त्या दिवशी जिन्यात? मी तुला घराबाहेर काढत होते!”

तिने खोकं पायरीवर ठेवलं. “मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.” आणि मग माझ्या डोळ्यांत बघून, “माहीत होतं ना तुम्हाला?”

या पोरीला मी तीन आठवडे चोर म्हणत होते, सायमी, आणि तिने एका वाक्यात माझी झडती घेतली.

माहीत होतं. आता लिहिते. पहिली काडी सापडली त्याच सोमवारी माहीत होतं. लग्न झाल्यापासून मी त्याच्या शर्टांच्या खिशांतून काड्या काढत आले आहे. पाइप सोडला तरी त्याने काडेपेटी सोडली नाही, कारण सुई हलवायला तो कधी लोखंडी हत्यार लावत नसे. “तार नाजूक असते, तिला लाकूडच हवं,” म्हणायचा. या गावात न पेटवता काडी टाकणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या शेजारी झोपतो. मी ती काडी उचलली, बघितली, आणि सगळं वर राहणाऱ्या परक्या पोरीवर ढकललं. कारण ती जाऊ शकत होती. ती गेली असती आणि घर तरीही तापत राहिलं असतं, तर मी आणखी कुणाला तरी धरलं असतं. गॅसवाल्याला. राल्फला. तुला तर धरलंच होतं.

कॅम्पवर तू काय म्हणालीस ते मी आता स्वतःच लिहिते, म्हणजे तुला लिहायला नको. उन्हाळी सणाची होळी पेटवली होती, सगळे गात होते, आणि तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, “हेल्वी, आर्वोने मला आज तीनदा विचारलं, वेइको कुठे आहे म्हणून.” मी म्हटलं, चेष्टा करतो तो. तू म्हणालीस, माझ्या मेलेल्या नवऱ्याची कुणी तीनदा चेष्टा करत नाही. त्यावर मी जे बोलले ते पुन्हा लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेल. तू रात्रीच गाडी काढून गेलीस. मी तेव्हाच थांबायला हवं होतं. तू तर कधीच गप्प झाली होतीस, भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं, तरी मी आपली त्या लोखंडासारखी तापतेच आहे, जूनपासून.

राल्फला तू सांगितलं असशील तर बरं केलंस. नसशील तर मी रविवारी सांगणार आहे.

कॉरिनला म्हटलं, जाऊ नकोस. माफी मागितली, नीट, शब्दांत. ती म्हणाली, “राहते. मला कुठे जागा मिळत नाहीये म्हणून राहते. तुम्हाला माफ केलं असं समजू नका.” मी म्हटलं, “नाही समजत.” मग खोकं मी वर नेलं आणि पोर तिने माझ्याकडे दिली. काल खाली येऊन तिने कॉफी घेतली, पुल्लाचा एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, वेलदोडा जास्त झालाय. तुम्हा दोघींचं जमेल.

घराचं विचारशील. वीसवर आहे. टोकाला गेलेली सुई मी त्याच शनिवारी मूळ जागी आणली. आता रोज सकाळी मी फावडं घेऊन मागच्या दारात जाते, बर्फ असो-नसो. तो आपलं काम करतो. मग तो कॉफी प्यायला बसला की मी हॉलमध्ये येते, झाकण काढते, आणि त्याने खाली टाकलेली काडी उचलून, तिच्याच लाकडी टोकाने, सुई केसाएवढी मागे आणते. पहिल्या दिवशी काडी सुईला नीट लागेचना, तेव्हा कॉरिनने मनगट धरलं. आता येतं. सारखं करून आत आले की तो रेडिएटरवर तळवा ठेवून बघतो आणि म्हणतो, “बघ, जमलं की नाही?” मी म्हणते, “तुझ्याशिवाय कुणाला जमलं असतं?” तो इतका खूश होतो, सायमी, की मला तिथे उभं राहवत नाही.

डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात नेणार आहे. मला भीती वाटते. फार भीती वाटते. एवढं कुणाला म्हटलं नव्हतं.

आता मागणं. आईच्या विरजणातलं अर्धं तुझ्याकडे आहे. ते जिवंत असेल, तू माझ्यापेक्षा नीटनेटकी आहेस. एका स्वच्छ रुमालावर पसर, सावलीत वाळव, आईने केलं होतं तसं. टपालाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. इथे उणे अठ्ठावीस आहे हे मला ठाऊक आहे, आणि तू फेब्रुवारीत फ्लोरिडा सोडणारी बाई नाहीस हेही. तरी ये. तुझी जुनी खोली कॉरिनकडे आहे, तू स्वयंपाकघरालगतच्या खोलीत झोप, तिथला रेडिएटर सगळ्यात चांगला आहे. शनिवारी सॉना तापवू. गुरुवारीही तापलेला असेलच.

आर्वो शेजारी बसलाय. कुणाला लिहितेस विचारलं. तुला म्हटल्यावर फार आनंद झाला त्याला. म्हणाला, “तिला लिही, येताना वेइकोलाही घेऊन ये म्हणावं, पुष्कळ दिवसांत भेट नाही.”

मी म्हटलं, लिहिते.

तुझी,
हेल्वी